बाबांच्या स्कॅनबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या डॅट स्कॅनची, म्हणजे मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी दाखवणाऱ्या फोटोची, वेळ घेऊन टाकली आहे, आता नाही म्हणू नका. कंपवाताचं (पार्किन्सनचं) निदान आजही डॉक्टर हाताने तपासूनच करतात: हालचाल मंदावलेली, जोडीला ताठरपणा किंवा स्वस्थ बसल्यावरची थरथर. बाबांचा हात पेला धरतानाही कापतो, तिथेच घोळ आहे. नुसता इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे काही करताना हात कापण्याचा वेगळा आजार, असेल तर स्कॅन नॉर्मल येतो. कंपवातात मात्र डोपामिन (हालचालींना लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशींची टोकं कमी झालेली दिसतात. चित्रात एरवी दोन स्वल्पविराम उमटतात, त्यांच्या शेपट्या जाऊन ठिपके उरतात.

आई, चक्करीसाठी तू देतेस त्या सिनारिझिननेही अशी थरथर येऊ शकते. तुझं काही चुकलं नाही, ती लिहूनच दिली होती. मनाने बंद करू नकोस, पण पाकीट डॉक्टरांना दाखव.

दुखणं म्हणाल तर शिरेतली एक सुई. तिच्या किमान तासभर आधी थायरॉइड जपायला आयोडीनचं औषध देतात. फोटो 3 ते 6 तासांनी. मधे खा, प्या, पडा. मग अर्धा-पाऊण तास डोकं हलवायचं नाही. खोली गार असते, शाल न्या. नंतर दोन दिवस भरपूर पाणी, आणि लघवी तुंबवायची नाही. बाबा, हे तुम्हालाच.

मणक्यातलं पाणी काढून तपासायला मी नको म्हटलं. तपासणी चांगली आहे, 2023 च्या मोठ्या अभ्यासात कंपवाताच्या शंभरातल्या सुमारे 88 जणांत ती पॉझिटिव्ह आली. पण बिघडलेलं अल्फा-सिन्युक्लिन (कंपवातात मेंदूत साठणारं प्रथिन) आहे की नाही, एवढंच ती सांगते. आजार किती सरकला ते नाही. शिवाय त्यासाठी बाबांची रक्त पातळ करायची गोळी थांबवावी लागली असती. रागावू नका, पण तेवढा धोका मला पटला नाही.

पुढचं लक्ष घरीच ठेवायचं. पाच मिनिटं आडवं पडून बीपी, मग उभं राहून तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा 20 ने उतरला तर लगेच कळवा. आणि बाबा, माझ्या वह्यांवर नाव घालायचात ना, त्याच अक्षरात दर रविवारी एकच ओळ लिहा, तारखेसकट. अक्षर बारीक होत गेलं तर डॉक्टरांना ते बघायचंय. आई, कागद रद्दीत घालू नकोस.

तुमची,
चिमी