रॅम वाढवण्याआधी सिस्टीम किती बिटची ते पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनचे पैसे हातात आले की आमच्या उदगीर-अहमदपूर भागातल्या पतसंस्थांत रांगा लागतात, आणि दुपारपर्यंत 'सर्व्हर स्लो आहे, थांबा' हे ठरलेलं उत्तर. या भागातल्या संस्थांच्या संगणकांची देखभाल हा माझा व्यवसाय. खेड्यातून बस धरून आलेली म्हातारी माणसं त्या रांगेत ताटकळताना बघवत नाहीत, म्हणून हे पत्र.

गेल्या हंगामात एका पतसंस्थेनं बोलावलं. संचालक मंडळानं रीतसर ठराव करून सर्व्हरची, म्हणजे मुख्य संगणकाची, रॅम (चालू कामाची मेमरी) १६ जीबी केली होती, बिलही चुकतं झालं होतं. वेग मात्र तसूभरही वाढला नव्हता. मी 'माय कॉम्प्युटर'ची प्रॉपर्टीज उघडली. इन्स्टॉल्ड मेमरी १६ जीबी, शेजारी 'यूजेबल ३.२५ जीबी', आणि खाली सिस्टीम टाइप ३२ बिट (सिस्टीम एका वेळी किती मोठा आकडा हाताळते, त्याचं हे माप). सर्व्हर म्हणून चालवलेला साधा संगणक, त्यावर विंडोज ७.

या ३२ बिट विंडोजला ४ जीबीपलीकडची मेमरी वापरताच येत नाही. त्या चारातलेही काही पत्ते (मेमरीतल्या जागांचे क्रमांक) ग्राफिक्स कार्ड आणि इतर उपकरणांसाठी राखीव जातात. शिवाय एका प्रोग्रॅमच्या वाट्याला साधारण २ जीबीच. डेटाबेस, म्हणजे सगळ्या खात्यांची साठवलेली माहिती, तेवढ्यात मावला नाही की एकेका खात्यासाठी हार्डडिस्क चाळावी लागते. कॅशियरबाई एंटर दाबून पडद्याकडे पाहत बसतात, ते यामुळे.

मग ६४ बिट का नाही? कारण जुन्या ठेवींचा हिशेब डॉस या जुन्या सिस्टीमवरच्या फॉक्सप्रो प्रोग्रॅमात आहे, आणि ६४ बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम चालत नाहीत. पासबुक प्रिंटरचा ड्रायव्हरही (प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) ३२ बिटचाच. ही अडचण खरी आहे, पण तिच्यासाठी अख्खा सर्व्हर अडकवून ठेवू नये. जुना हिशेब पाहायला आणि पासबुक छापायला एक जुना संगणक वेगळा ठेवता येतो. सर्व्हरवर विंडोज ६४ बिट हवी आणि डेटाबेसचा प्रोग्रॅमही ६४ बिटचाच हवा; नाहीतर तो वाढलेल्या रॅमला हातच लावणार नाही. मायक्रोसॉफ्टची सर्व्हर विंडोज २००८ आर२पासून फक्त ६४ बिटमध्येच येते, आणि विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. ठेवीदारांचा हिशेब अशा यंत्रावर ठेवणं धोक्याचंही आहे.

माझी सहकारी संस्थांना विनंती आहे की दरपत्रक मागवतानाच सिस्टीम आणि डेटाबेस किती बिटचे, हे लेखी घ्या. रॅमचं बिल मंजूर करण्याआधी स्क्रीनवरचा 'यूजेबल' आकडा छापून बिलाला जोडा. लेखापरीक्षकांनीही तो कागद मागावा.

– एक संगणक तंत्रज्ञ, उदगीर (जि. लातूर)