बोर्ड बदलू नकोस!

दादर, रविवार

पश्या,

पीसी अपग्रेडचं तुझं कोटेशन बघितलं आणि पहिलं हेच सांगतो, मदरबोर्ड बदलू नकोस. त्यातला नवा बोर्ड घेतला की नव्या पिढीची डीडीआर५ रॅम पण घ्यावी लागते आणि तुझं सगळं बजेट तिथेच संपतंय. अरे तुझा बी४५० बोर्ड म्हणजे एएम४ सॉकेट, आत्ताचा २२००जी प्रोसेसर बसलाय त्याच खाचेत रायझन ५ ५६०० बसतो, चारचे सहा कोअर होतात आणि वॅट दोघांचे ६५च. फक्त बोर्डवर मॉडेलजवळ बारीक अक्षरात रिव्हिजन, म्हणजे बोर्डाची आवृत्ती, छापलंय ते बघ आणि कंपनीच्या साइटवर सीपीयू सपोर्ट लिस्टमध्ये नव्या प्रोसेसरला कुठलं बायोस (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) लागतं ते शोध. ते बायोस जुना प्रोसेसर असतानाच टाकायचं हां, नाहीतर नवा बसवलास की स्क्रीन काळी. आणि यूपीएसवर लावून कर, तुमच्याकडे पावसात लाइट जाते, मध्येच गेली तर बोर्ड हातचा जाईल.

आता सहज नजरेतून सुटणारी गोष्ट. ५६०० मध्ये ग्राफिक्सच नाही. तुझा मॉनिटर आत्ता थेट बोर्डला लावलाय, तो ५६०० वर चालणारच नाही, म्हणजे वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा खर्च आला. तू नाटकांचे व्हिडिओ एडिट करतोस, गेम खेळत नाहीस, तर माझं मत ५६००जी घे, त्यात ग्राफिक्स आतच असतं, कार्ड पुढे बघू. उरलेल्या पैशात एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डवर बसणारी वेगवान डिस्क) आणि ३२०० स्पीडची रॅम, पण ८-८ जीबीच्या दोन घे, १६ ची एक नको, कारण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन चॅनलचा फरक तिथे सरळ दिसतो. जुनी २४०० ची सोबत ठेवलीस तर नवी पण २४०० वरच धावेल, ती काढूनच टाक.

कूलर काढताना मात्र जपून. आधी पीसी थोडा वेळ चालवून गरम होऊ दे, मग बंद करून वायर काढ, स्क्रू सोडव आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरव, सरळ वर ओढू नकोस. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट सुकून चिकटलेली असते, ओढलास तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात, मग तो विकताही येत नाही.

रविवारी लॅमिंग्टन रोडला कॉम्प्युटरची बहुतेक दुकानं बंद, तर शनिवारी ग्रँट रोडला उतर, मी येतो. जीएसटी बिलच घ्यायचं आणि सिरियल नंबर बिलावर लिहून घ्यायचे, वॉरंटीला तेच विचारतात. तोवर त्या कोटेशनवाल्याला अ‍ॅडव्हान्स देऊ नकोस.

सम्या