विन्या, तेल जरूर काढा, पण स्वस्त पेट्रोलचं गाजर दाखवू नका

सातारा,
३० ऑगस्ट २०२५

प्रिय विन्या,

तुझं पत्र मिळालं. चार पानांतली साडेतीन मला झाडण्यात घालवलीस आणि उरलेल्या अर्ध्यात गुडघ्याचं दुखणं. गुडघ्यासाठी वैद्य बघ, बाकीच्याला मी उत्तर देतो. उद्या गौरी यायच्या आहेत, घरात फराळाचा घाणा चाललाय. मला स्वयंपाकघरातून हाकललंय, त्यामुळे आज वेळच वेळ आहे.

तुझा राग कुठून आला ते कळतंय. पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी खोल समुद्रात तेल आणि वायू शोधायची राष्ट्रीय मोहीम जाहीर केली आणि तुला समुद्रातल्या तेलाच्या रिगवरचे तुझे दिवस आठवले. त्यात ऐन गणेश चतुर्थीला अमेरिकेचं जादा २५ टक्के शुल्क आपल्या मालावर लागू झालं, कारण काय तर आपण रशियाचं तेल घेतो. तू लिहितोस, 'घरचं तेल असतं तर कुणाच्या बापाला भ्यायची गरज नव्हती, पण तुम्ही पवनचक्कीवाल्यांनी लोकांना वाऱ्यावर सोडलं.' वर अमेरिकेचा दाखला देऊन म्हणतोस, तिकडच्यासारखं खोदलं असतं तर पेट्रोलही स्वस्त झालं असतं. कोटी चांगली आहे. वालचंद कॉलेजच्या हॉस्टेलवर असताना तू याहून वाईट करायचास.

आधी तुझं जेवढं खरं आहे तेवढं मान्य करतो. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. मार्च २०१५ मध्ये ही आयात २०२२ पर्यंत दहा टक्क्यांनी खाली आणायची घोषणा झाली होती, तेव्हा ती ७७ टक्क्यांच्या घरात होती. उतरायची सोडून ती चढली. त्यामुळे मुंबईजवळच्या समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राच्या जुन्या विहिरींतून अजून निघेल तेवढं काढावं, याबद्दल तुझ्याशी माझं भांडण नाही. बाहेर डॉलर मोजून आणायचं, जहाजाचं भाडं भरायचं, आणि आपलं मात्र समुद्रतळाशी ठेवायचं, यात कसला आलाय पर्यावरणवाद? जाळायचं तेवढं आपण जाळणारच आहोत.

पण मोहीम म्हटली की लोकांना उद्याच नळ उघडल्यासारखं वाटतं, आणि तिथे तू, समुद्रावर आयुष्य काढलेला माणूस, त्यांना सावध करायचं सोडून टाळ्या वाजवतोयस. मुंबई हायला १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने तेल शोधलं आणि १९७६ मध्ये ते यायलाही लागलं, ही गोष्ट तू आम्हाला इतक्या वेळा सांगितलीस की वहिनीसुद्धा उठून जायच्या. ते उथळ पाणी होतं रे. कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या खोल समुद्रातल्या त्या मोठ्या प्रकल्पाचं बघ. गुंतवणुकीला मंजुरी २०१६ मध्ये, पहिलं तेल जानेवारी २०२४ मध्ये, आणि भरात आल्यावर अपेक्षा दिवसाला ४५ हजार पिंपांची. देशाला दिवसाला पन्नास लाखांहून जास्त पिंपं लागतात. भागाकार तू कर, तुझं गणित माझ्याहून बरं होतं. आणि मुंबई हाय स्वतः? १९८५ च्या सुमारास दिवसाला साडेचार लाखांवर पिंपं देणारं ते क्षेत्र आज त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरलंय. विहिरी म्हाताऱ्या होतात, त्याला कुठलंही सरकार काही करू शकत नाही.

आता अमेरिकेचं उदाहरण. 'खोदा, अजून खोदा' ही घोषणा तिकडे २००८ पासूनची, रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनातली. यंदा २० जानेवारीला ट्रम्प यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी ऊर्जा आणीबाणी जाहीर केली. त्या आदेशात ऊर्जा कशाला म्हणायचं याची यादी आहे. तेल, वायू, कोळसा, युरेनियम, वाहत्या पाण्याची वीज, सगळं आहे. वारा आणि सूर्य तेवढे नाहीत! सूर्याला ऊर्जेतून वगळणारा कागद मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. जुलैत कायदा करून पवन आणि सौरच्या करसवलतीही छाटल्या. तू याला खंबीर नेतृत्व म्हणतोस. म्हण बापडा.

पण त्यांच्या आधीच्यांचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस. बायडेन २०२० च्या प्रचारात सरकारी जमिनीवर नवं खोदकाम बंद करू म्हणत होते. त्यांच्याच कारकिर्दीत, २०२३ मध्ये, अमेरिकेने तेल काढण्याचा विक्रम केला आणि अलास्कातल्या मोठ्या प्रकल्पाला परवानगीही त्यांनीच दिली. दोन्हीकडचे पुढारी व्यासपीठावर एक बोलतात, विहिरी आपल्या भावाप्रमाणे चालतात. आणि ज्या मुद्द्यावर तू सगळा डोलारा उभा केलास तो स्वस्ताईचा मुद्दा तर तिथेच कोसळतो. जगात सर्वांत जास्त तेल काढणाऱ्या त्या देशात जून २०२२ मध्ये पेट्रोल सरासरी गॅलनला ५ डॉलरच्या वर गेलं. युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं, जगाचा भाव चढला, घरच्या तेलाचाही चढला. आपल्याकडेही मुंबई हायचं तेल जगाच्या भावानेच विकलं जातं. तो भाव फारच चढला म्हणून जुलै २०२२ मध्ये सरकारने कंपन्यांच्या जादा नफ्यावर कर लावला, तो डिसेंबर २०२४ मध्ये काढला. त्या सगळ्या काळात पोवई नाक्यावरचा पंपवाला मला कधी म्हणाला नाही की साहेब, हे आपलं घरचं आहे, दोन रुपये कमी द्या. घरच्या तेलाने परकीय चलन वाचतं, संकटात थोडा आधार मिळतो. पंपावरच्या आकड्याशी त्याचा संबंध फारसा नाही, आणि तुला हे माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

टेक्सासची गोष्ट मला जास्त विचार करायला लावते. सगळ्यात जास्त तेल काढणारं राज्य ते, आणि वाऱ्यापासून सगळ्यात जास्त वीज करणारंही तेच. तिकडच्या शेतकऱ्याला या दोन्हींत भांडण दिसत नाही, कारण अमेरिकेत जमिनीखालचं खनिज खाजगी मालकीचं असू शकतं. तेल निघालं तर त्याला हिस्सा, पवनचक्की उभी राहिली तर दरवर्षी भाडं. तो कुणालाही मत देवो, दोन्हीकडून चेक येतो. आपल्याकडे जमिनीखालचं तेल सरकारचं. रॉयल्टी सरकारला, शेतकऱ्याला फक्त वरच्या जमिनीचा आणि पिकाचा मोबदला. मग नेडुवासलच्या शेतकऱ्यांनी २०१७ मध्ये तेल-वायूच्या खोदकामाविरुद्ध आंदोलन केलं आणि २०२० मध्ये तमिळनाडूला कावेरीच्या खोऱ्यात नव्या तेलविहिरी रोखणारा कायदा करावा लागला, तर त्यांना 'विकासाचे वैरी' कशाला म्हणायचं? त्याच वर्षी आसामात बागजानची वायूविहीर फुटली, आग लागली आणि ती विझायला पाच महिने लागले. शेजारच्या गावाला त्या विहिरीतून काय मिळालं?

हे वाचून तू म्हणशील, आणि तुमच्या साताऱ्याच्या पवनचक्क्यांच्या पठारावर काय मिळालं? बरोबर नस पकडलीस, आणि त्याचं उत्तर मला देता येतं कारण मी तिथे राबलोय.

चाळकेवाडी-वनकुसवड्याला पवनचक्क्या आल्या त्या काही वाऱ्याच्या प्रेमापोटी आल्या नाहीत. त्या काळी पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळायचा, म्हणजे तिची सगळी किंमत करपात्र नफ्यातून वजा करता यायची. मोठा नफा झालेल्या कारखानदाराने मार्च संपायच्या आत चक्की घ्यायची आणि आयकर वाचवायचा. वीज किती होते, गिअरबॉक्स कधी निकामी झाला, याची त्यातल्या कित्येकांना चौकशीही नव्हती. जमिनी दलालांनी एकरकमी घेतल्या. तेव्हा नाचणी-वरीच्या त्या कातळाला कोण भाव देणार, म्हणून लोकांनीही देऊन टाकल्या. पुढे मुलांना वॉचमनच्या नोकऱ्या, आणि ग्रामपंचायतीला कर किती द्यायचा यावर वर्षानुवर्षं वाद. दुष्काळ पडला की खाली माण-खटावात लोक म्हणायचे, पवनचक्क्या ढग पळवतात. शास्त्र म्हणून ते चूकच होतं. पण ज्याच्या डोक्यावर पातं फिरतं आणि ज्याच्या घरात संध्याकाळी लाईट जाते, त्याने दुसरं काय म्हणायचं? दरवर्षी भाडं मिळत असतं तर त्याच माणसाने ढगांचा बंदोबस्त स्वतः केला असता.

आणि तुझा तो आवडता टोमणा, की पवनचक्कीलाही तेल लागतं. लागतंच. वारा पडला की फाल्गुनात आमची गिअर ऑइल बदलायची पाळी यायची. मशीन थोडी फिरवून ऑइल कोमट करायचं, म्हणजे ते वाहतं. मग बेल्ट अडकवून वर, दोराने डबे वर ओढायचे, जुनं काळं ऑइल सोडायचं. खालच्या बुचाला चुंबक असतं. त्यावर जमलेला चुरा मी बोटावर घेऊन चोळून बघायचो. पिठासारखा मऊ असला तर चिंता नाही, पण कपची टोचली की समजायचं, गिअरचा दात गेला. तू ड्रिलिंगचा वर आलेला चुरा हातात घेऊन खाली कुठला खडक लागलाय ते सांगायचास, तसंच. पात्याच्या फायबरमधला रेझिनही तेलातूनच येतो. म्हणून तर मी तेलाला शिव्या देत नाही. तेल असंच वापरावं, वंगणाला, रेझिनला, औषधाला. जाळून संपवण्याइतकी ती स्वस्त वस्तू आहे असं मला वाटत नाही.

तुझ्या पत्रातली खरी गफलत वेगळीच आहे. 'पवनचक्क्यांवर घातलेला पैसा ड्रिलिंगवर घातला असता तर' असं तू लिहितोस, जणू दोन्हींतून एकच माल निघतो. आपल्याकडे तेलापासून वीज जवळजवळ होतच नाही. चार युनिटांतली तीन कोळशातून येतात. आमची चक्की फिरली की चंद्रपूरचा कोळसा वाचतो, तुझं डिझेल नाही. डिझेल वाचेल ते एसटी, ट्रक, ट्रॅक्टर विजेवर चालायला लागल्यावर. एसटीच्या ई-बसगाड्या दिसायला लागल्यात, पण ऊस ओढणारा ट्रॅक्टर विजेवर चाललेला मी अजून पाहिला नाही. तोवर तुमची गरज आहे, निर्धास्त राहा.

हो, ऊस. आपल्या दोन्ही जिल्ह्यांची तेलविहीर तीच. इथेनॉलचे २० टक्के पेट्रोलमध्ये आले, मुदत २०३० ची होती ती पाच वर्षं अलीकडे ओढली. कारखान्यांना पैसा मिळाला, एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान भाव, वेळेवर निघायला मदत झाली, हे नाकारत नाही. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याने कमी, आणि उसाच्या एकेका टनामागे पाणी किती ते तुझ्या दुष्काळी कवठेमहांकाळात जाऊन विचार. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून सरकारने एका रात्रीत उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली होती, नंतर ढील दिली. आखातातला शेखही इतका लहरी नसतो.

कवठेमहांकाळवरून आठवलं. तुझ्या थोरल्या भावाच्या द्राक्षबागेला म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी येतं ते कृष्णेतून टप्प्याटप्प्याने विजेवर चढून. त्या विजेच्या बिलावरून दर निवडणुकीत किती रणं माजतात! दादांना विचार, त्यांना काय हवंय. मागच्या वेळी मी गेलो तेव्हा रात्रीच्या पाळीची लाईट होती. हातात बॅटरी, पायात गमबूट, आणि सापाच्या भीतीने काठी आपटत बांधावरून चाललेले. त्यांना अंदमानात तेल लागलं की नाही याच्याशी देणंघेणं नाही. दिवसा वीज हवी आहे, बस. ती शेतीसाठीच्या सौर वाहिनीवरून येऊ शकते, काही गावांत आलीही आहे. माझ्या मते देशातला पुढचा रुपया आधी तिथे जावा.

ऊन मावळल्यावर काय, हा तुझा प्रश्न रास्त आहे. आमचा वाराही पावसाळ्यातच जोरात, एप्रिल-मेच्या उकाड्यात तो रुसतो. पण त्याचं उत्तर आपल्या पाटण तालुक्यातच आहे. कोयनेचे १९६० मेगावॉट संध्याकाळी मागणी चढली की काही मिनिटांत जोडीला येतात. दिवसाच्या जादा सौर विजेने पाणी वर चढवायचं आणि रात्री खाली सोडून वीज करायची, असे नवे प्रकल्प तारळी खोऱ्यात येऊ घातलेत. मी त्यांच्या बाजूचा आहे. मात्र कोयनेचे धरणग्रस्त साठ वर्षांनंतरही पुनर्वसनासाठी मोर्चे काढतात, तेव्हा 'स्वच्छ' हा शब्द उच्चारताना मी जरा जीभ आवरतो.

एक गोष्ट मात्र तुझ्याकडून नीट समजून घ्यायची आहे. वनकुसवड्याच्या जुन्या साडेतीनशे किलोवॉटच्या कितीतरी मशीन आता आयुष्य संपत आलेल्या आहेत. जाळीचे मनोरे भंगारात जातील, पण पात्यांचं काय करायचं आणि खालचा काँक्रीटचा पाया कुणी उकरायचा, यावर पठारावर आत्तापासून कुजबुज आहे. तुमच्याकडे समुद्रात पन्नास वर्षांचे प्लॅटफॉर्म उभे आहेत. विहीर बंद करताना त्याचा खर्च आधीपासून बाजूला काढून ठेवतात ना? तो कोण ठेवतं, किती ठेवतं, आणि मालक बदलला तर तो पैसा कुणाकडे जातो, हे सविस्तर लिही. इथल्या एका सरपंचांना मी सांगून बसलोय की माझा मित्र या विषयातला जाणकार आहे. पुढच्या पत्रात शिव्या अर्ध्या पानातच आटप.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिलीप