पानं विकणारं गाव

ओसाका, १६ नोव्हेंबर

प्रिय सई,

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, इथे गावात माझं ऐकायलाच कोणी नाही. तरुण सगळे पुण्याला गेलेत आणि म्हाताऱ्यांना मी कालची पोर वाटते." तुझा आवाज ऐकून मलाच गलबलून आलं, धड बोलता आलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

शनिवारी मी शिकोकू बेटावरच्या कामिकात्सु नावाच्या गावाला जाऊन आलो. तोकुशिमा शहरापासून तासाभराचा वळणांचा रस्ता, खाली कात्सुउरा नदी आणि दोन्ही अंगांना देवदारासारख्या सरळसोट झाडांचं काळोखं रान. १९५५ साली इथे सहा हजारांवर वस्ती होती. आज दीड हजारही उरले नाहीत, आणि आहेत त्यातले निम्म्याहून जास्त पासष्टीच्या पुढचे.

१९७९ साली इथल्या शेतकरी सहकारी संस्थेत योकोइशी तोमोजी नावाचा वीस वर्षांचा मुलगा सल्लागार म्हणून आला. शहरातला, तुझ्याहूनही लहान. बाहेरून आलेल्या पोराने आम्हाला शेती शिकवावी, हे गावाला मुळीच रुचलं नाही. दोन वर्षांनी, १९८१ च्या फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीने मिकानच्या, म्हणजे इथल्या संत्र्यांच्या, बागा जळून गेल्या. पोटापाण्याचं साधनच गेलं. मग तो गावकऱ्यांबरोबर एकेक भाजी, एकेक पीक लावून बघत राहिला.

१९८६ साली ओसाकात एका हॉटेलात तो जेवत होता. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने ताटात सजवलेलं मेपलचं लाल पान उचललं, कौतुकाने बघितलं आणि रुमालात ठेवलं. त्याच्या मनात आलं, अशी पानं तर आपल्या डोंगरावर कितीतरी आहेत! गावाला मात्र पानं गोळा करून विकणं म्हणजे लाजच वाटली. कशाबशा चार बायका तयार झाल्या.

आणि सई, पानं विकलीच जाईनात. हा भाग मला तुला मुद्दाम सांगायचाय. पानं ताजी होती, सुंदर होती, तरी आचारी घेत नव्हते. मग हा मुलगा स्वतःच्या पगारातून महागड्या जपानी भोजनगृहांत जाऊन बसायला लागला. कोणत्या ताटलीत कोणतं पान, केवढं, कुठल्या महिन्यात, हे बघत राहिला. तेव्हा कळलं की ताटलीच्या मापाचं पान लागतं, सगळी एकसारखी लागतात आणि ऋतू यायच्या थोडं आधी लागतात. हे कळल्यावरच धंदा उभा राहिला. आज तीनशेहून जास्त प्रकारची पानंफुलं इथून जातात. एका काळी वर्षाची विक्री २६ कोटी येनांपर्यंत पोचली होती.

ज्या आजींकडे मी गेलो त्या ऐंशीच्या घरातल्या. सकाळी टॅबलेटवर मागणी येते, आधी बोट लावेल त्याला ती मिळते. आजी चष्मा कपाळावर सरकवून टॅबलेटसमोर सावध बसल्या होत्या. मागणी मिळाली तशा पटकन उठल्या. धुतलेली पानं फडक्यावर मांडली, सगळ्यांची देठं एका बाजूला, दहा पानांचा एक ट्रे. एका पानावर सुईच्या टोकाएवढा डाग होता. मला तर दिसलाही नव्हता. त्यांनी ते अलगद बाजूला काढलं आणि म्हणाल्या, "हे ज्याच्या ताटात जाईल, तो बघेल."

पुढे योकोइशींनी नोकरी सोडायचं ठरवलं, तेव्हा त्याच गावाने, जाऊ नका म्हणून, सह्या करून त्यांना पत्र दिलं.

गाव कचरा चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतं म्हणूनही प्रसिद्ध आहे. इथे कचऱ्याची गाडी येत नाही, ज्याचा तो केंद्रावर नेऊन देतो. तेही बघितलं, पण त्याबद्दल भेटीत बोलू.

एक लाल पान तुला पाठवायचं फार मनात होतं, पण टपालातून झाडाची पानं पाठवताना अडचण येते. फोटो पाठवतो.

तू मागे सांगितलंस की तुमच्याकडच्या बायका डोंगरातून बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करून वाळवतात आणि व्यापारी तो घेऊन जातो. तो पुढे कुठे जातो गं? कोण त्याचं काय करतं, त्यांना तो कसा वाळलेला, केवढ्या आकाराचा हवा असतो? त्या बायकांपैकी एकीला बरोबर घेऊन एकदा स्वतः जाऊन बघून ये. दोघींच्या येण्याजाण्याचे पैसे मी पाठवतो.

जेवणाची आबाळ करू नकोस. आईला रोज फोन कर.

तुझा,
बाबा