‘रब्बर कोनं लावलं?’ विचारणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर फोन करून आधी त्याचीच खरडपट्टी काढाल. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या युनिटवर तुम्ही नवतपात, भर दुपारी, दुपट्टा बांधून स्कूटरवर आलात. बाहेर ४५ अंश. बोर्डांच्या काळजीत मी तुम्हाला पाणीसुद्धा उशिरा विचारलं, तेही मनात राहिलंय.

सोलर पंपाच्या कंट्रोलरचे सर्किट बोर्ड होते, पॅडवर, म्हणजे सुटे भाग जिथे जोडतात त्या धातूच्या ठिपक्यांवर, इमर्शन सिल्व्हरचं फिनिश, म्हणजे चांदीचा पातळ मुलामा. काही बोर्डांवर आठ-आठ, दहा-दहा ठिकाणी ड्राय सोल्डर, म्हणजे सोल्डरचा जॉइंट नीट धरलेलाच नाही. मी आधी सोल्डर पेस्टवाल्याशी भांडलो, मग पेस्ट लावायचा छिद्रांचा पत्रा, स्टेन्सिल, बदललं, मग ओव्हनचं कमाल तापमान २४५ वरून पाच-पाच अंशांनी २६० पर्यंत नेलं. जॉइंट होते तसेच. वर पेस्टमधला फ्लक्स, धातू साफ करून सोल्डर धरायला लावणारा, करपला तो वेगळाच.

तुम्ही माझं सगळं पुराण मध्येच तोडून भिंग मागितलंत. एक आयसी, म्हणजे बारीक पायांची चिप, बराच वेळ पाहिली आणि म्हणालात, “पायाले लागलं, पॅडले नाही लागलं. मंग पेस्टचा काय दोष?” माझा अख्खा आठवडा त्या एका वाक्यात निकाली निघाला. उष्णता कमी पडली असती तर पेस्ट दाणेदार राहिली असती. इथे ती वितळून आयसीच्या पायांवर छान चढली होती, आणि पॅडवर मात्र अळूच्या पानावरच्या थेंबासारखी गोल बसली होती. आमच्या बिनशिशाच्या पेस्टला वितळायला २१७ ते २२० अंश पुरतात. मी उगाच भट्टी पेटवत बसलो होतो.

मग तुम्ही बिघडलेले चार बोर्ड शेजारी शेजारी मांडलेत. खराब जॉइंट सगळ्यांवर एकाच सरळ पट्ट्यात! गठ्ठ्यांतले वरचे कोरे बोर्ड काढले, तर त्याच जागी बोटाएवढी पिवळट-तपकिरी रेघ. “काऊन गा, हे रब्बर कोनं लावलं?”

गठ्ठ्याला लावायच्या रबर बँडात गंधक असतं, आणि गंधक लागलं की चांदी काळवंडते. देव्हाऱ्यातलं निरांजन काळं पडतं ते आपण चिंचेनं घासतो, पण पॅडवरचा चांदीचा थर एक मायक्रॉनसुद्धा नसतो, तो काय घासणार? गंधकानं काळवंडलेल्या त्या थरापुढे, सल्फाइडपुढे, आमच्या पेस्टमधला सौम्य फ्लक्स हरला होता. हे मी कुठेतरी वाचलेलं होतं, काका. पण वाचलेलं वेळेवर आठवेल तर ना.

जाता जाता कूलरवरही बोललात. पेस्टचा गार डबा आम्ही फ्रिजमधून काढून लगेच उघडायचो, तोही कूलरच्या ओल्या झोतात. पेस्टला ओल धरायची. मग चिपांभोवती सोल्डरचे बारीक गोळे सांडणारच. आता डबा बाहेर काढून चार तास बंदच ठेवतो आणि कूलर पलीकडच्या खोलीत गेलाय. पोरं कुरकुरतात.

उरलेले कोरे बोर्ड बनवणाऱ्याकडे परत पाठवून फिनिश नव्यानं करून घेतलं. जोडलेले आम्ही फ्लक्स लावून हातानं दुरुस्त केले. त्यात तीन रात्री गेल्या. आता बोर्डांच्या मध्ये गंधक नसलेला कागद असतो, पिशवी सीलबंद असते आणि उघडल्यावर हातमोजे. पेस्टवाल्याची माफी मागितली. तो हसला, पण उधारी काही वाढवून दिली नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, तर्री-पोह्यांवर भागवलंत. पण हे पत्र खरं तर दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितोय. मोजायला सोपं जावं म्हणून पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे करून ते रबर मीच लावले होते. तुम्ही ‘कोनं लावलं’ विचारलंत तेव्हा सगळी पोरं गप्प होती, मीही. तुम्ही एकदाच माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, “जाऊ दे, पोहे आले का?”

तुमचा,
हिंगण्याचा रबरवाला