आधी प्लग बघा, मग गाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीच्या तोंडावर वाहनांच्या पुरवण्यांत छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांचे तुलनात्मक तक्ते छापून येतात. किंमत, रेंज (एका चार्जमध्ये जाणारे अंतर) आणि स्क्रीन किती इंची, एवढ्यावर ते आटोपतात. गाडी पुढे अंगवळणी पडेल की डोकेदुखी होईल हे ज्यावर ठरते, ते रकाने त्यात नसतातच.

रेंजचेच घ्या. टाटाची टियागो ईव्ही २०२२ मध्ये आली तेव्हा तिच्या २४ किलोवॅट-तासांच्या (म्हणजे २४ युनिटच्या) बॅटरीला ३१५ किमी सांगितले गेले. एमजी कॉमेटच्या १७.३ ला २३०, सिट्रोएन ईसी३ च्या २९.२ ला ३२०. हे आकडे प्रयोगशाळेतल्या रोलरवर, एसी बंद ठेवून काढलेले असतात. शहरात एसी लावून या वर्गातली गाडी किलोमीटरला साधारण ११० ते १२० वॅट-तास घेते, म्हणजे टियागोचे दोनशेच्या आसपास. महामार्गावर ताशी ८०-९० ने हाच खर्च १३५ च्या घरात जातो. शिवाय १० टक्क्यांखाली सहसा कोणी उतरत नाही आणि फास्ट चार्जर ८० टक्क्यांनंतर मंदावतो. तेव्हा प्रवासात दोन थांब्यांमधला खरा पल्ला सव्वाशे किमी धरावा. घाटाचा हिशेब वेगळा. चार माणसांसह दीड टनाच्या आसपास भरणारी गाडी खोपोलीहून लोणावळ्याला सुमारे साडेपाचशे मीटर वर चढवायला नुसत्या चढाचेच दोन-अडीच युनिट लागतात, २४ च्या बॅटरीतले १० टक्के. उतरताना त्यातला काही भाग परत मिळतो, सगळा नव्हे.

पण रेंजपेक्षा अडचण येते ती पार्किंगमध्ये. गाडीबरोबर मिळणारा ३.३ किलोवॅटचा चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटमधून सलग सात ते नऊ तास १४-१५ अँपिअर ओढतो. गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो, हा रात्रभर चालू असतो. म्हणून मीटरपासून वेगळी लाइन, किमान ४ चौरस मिमीची तांब्याची वायर (अंतर जास्त असल्यास ६), २० अँपिअरचा एमसीबी (भार वाढल्यास वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) हवा. एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच. पिना सैल असल्या की तिथेच उष्णता साठते, प्लास्टिक मऊ होते आणि सकाळी सॉकेट काळे पडलेले दिसते.

दुसरे दुखणे अर्थिंगचे. चार्जरवर लाल दिवा लागला की लोक थेट सर्व्हिस सेंटर गाठतात, आणि बऱ्याचदा दोष इमारतीत निघतो. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावायला सांगा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही २३० व्होल्टच्या आसपास यायला हवेत आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तिथे १०-१५ दिसले, तर सुरक्षेसाठी चार्जर सुरू न होणे हेच त्याचे काम आहे. जुन्या सोसायट्यांतले अर्थ पिट, म्हणजे अर्थिंगचे खड्डे, उन्हाळ्यात कोरडे पडतात, त्यात पाणी घालण्याचे कुणाच्या गावीही नसते. टेस्ट ड्राइव्हला आलेली गाडी चार्जरसकट घरी मागवावी आणि आपल्याच जागी अर्धा तास लावून पाहावी. शोरूमवाले थोडे कुरकुरतील, कुरकुरू द्यावेत.

वीजबिलाचेही गृहीत धरू नये. महिन्याला हजार किमी म्हणजे चार्जिंगमधली गळती धरून १३५-१४० युनिट. घरचा वापर २०० युनिटचा असेल तर महावितरणच्या ३०० च्या वरच्या स्लॅबमध्ये पाय पडतो. ईव्हीसाठी स्वतंत्र मीटर आणि वेगळा दर मिळतो, त्याची चौकशी गाडी बुक करण्याआधी करावी.

आता गाड्यांमधला फरक. कॉमेटला डीसी फास्ट चार्जिंग, म्हणजे महामार्गावरच्या जलद चार्जरची सोय, नाही. शहरात तिला तोड नाही, २.९७ मीटरची गाडी कुठेही मावते. पण पुणे-कोल्हापूर तिच्या वाट्याचे नाही. टियागोची बॅटरी द्रवाने थंड होते, ईसी३ ची हवेने. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात हा फरक कागदावर राहत नाही: तापलेली बॅटरी फास्ट चार्जरकडून वीज कमी घेते आणि तासाचे काम लांबते.

किमतीच्या रकान्यातही मेख आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो ५ टक्केच असल्याने दोहोंतले अंतर घटले. त्यामुळे महिन्याला पाच-सहाशे किमी फिरणाऱ्याला जादा पैसे वसूल व्हायला फार वर्षे लागतील, त्याने पेट्रोल किंवा सीएनजीच घ्यावी. रोज ५०-६० किमी असेल, तर इलेक्ट्रिकला पर्याय नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवरची टोलमाफीही त्याच हिशेबात धरावी. बॅटरी भाड्याने घेण्याच्या योजनेत किलोमीटरचा दर स्वस्त दिसतो. दरमहा किमान किती किलोमीटरचे पैसे भरावेच लागतात, हे करारात शोधावे.

वॉरंटी बहुधा ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किमी लिहिलेली असते. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळते, दुसऱ्या मालकाला ती लागू होते का आणि तळाला दगड लागून केसिंग चेमटले तर ते नुकसान वॉरंटीत येते की विम्यात, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारावेत. आपल्या तक्त्यांत या उत्तरांसाठी एक रकाना ठेवता आला, तर स्क्रीनचा खुशाल काढून टाका.

आपला,
एक वाहन-विद्युत तंत्रज्ञ, पुणे