कौतुक पुरे, अंतर छापा

महोदय,

ज्येष्ठांच्या मैदानी स्पर्धांच्या बातम्या मी आवर्जून वाचते, कारण सत्तरीला टेकले तरी मी स्वतः गोळाफेक करते. बातमीत वय ठळक असते, ‘आजीबाईंची कमाल’ असते. गोळा किती लांब गेला, ते मात्र शोधूनही सापडत नाही!

ज्येष्ठांच्या या स्पर्धा, म्हणजे मास्टर्स स्पर्धा, पस्तिशीपासून सुरू होतात, दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो. ५० ते ७४ वयाच्या महिलांचा गोळा तीन किलोचा, पंचाहत्तरीपासून दोन किलोचा. माझ्या गटातल्या बाईने किती फेकला हे कळले, तर मला माझा सराव ताडून पाहता येईल. २०२२ मध्ये फिनलंडमधल्या टाम्पेरे इथे भगवानीदेवी डागर यांनी ९४व्या वर्षी १०० मीटर शर्यतीचे सुवर्ण जिंकले. तेव्हा २४.७४ सेकंद ही वेळही छापून आली होती, म्हणून ती अजून माझ्या लक्षात आहे.

नातवंडांबद्दल, गुडघ्यांबद्दल विचारा हवे तर (गुडघे ठीक आहेत). पण वयोगट, गोळ्याचे वजन आणि अंतर एका ओळीत मावते. तेवढी ओळ कापू नये, ही विनंती.

— एक वाचक, सातारा